भीड आणि भीक

‘भीड ही भिकेची बहीण’ अशी आपल्याकडे एक जुनी म्हण आहे. जो मनुष्य भिडेला बळी पडतो त्याच्यावर शेवटीं भीक मागण्याची पाळी येते, असा तिचा सरळ अर्थ. आपल्या नीतिकारांनींही आहार आणि व्यवहार या दोन ठिकाणीं लाज सोडावी असा उपदेश करून ठेविला आहे. परंतु म्हण ऐकून किंवा उपदेश वाचून कोणाची भीड गेल्याचें ऐकिवांत नाहीं. भीड नुकसानकारक आहे हें भिडस्त मनुष्याला दुसऱ्या कोणीं सांगावें लागत नाहीं. तें त्याला इतरांपेक्षां अधिक ठाऊक असतें. खरा प्रश्न असा कीं, ही भीड टाकून देण्याजोगा दोष आहे कीं जपून ठेवण्याजोगा गुण आहे. आणि दोष असेल, तर ती जाते कशी?

हा प्रश्न आज नव्यानें पुढें येण्यास आजचे कांहीं व्यवसाय कारण झाले आहेत. त्यांतील डिजिटल माध्यमांचा व्यवसाय उदाहरणादाखल घेऊं. रत्नागिरी जिल्ह्याचा वर्तमानपत्रांशीं संबंध फार जुना. १८३२ सालीं ‘दर्पण’ काढून मराठी वृत्तपत्रांचा पाया घालणारे बाळशास्त्री जांभेकर हे पोंभुर्ल्याचे. हें गांव आज सिंधुदुर्ग जिल्ह्यांत असलें, तरी १९८१ मध्यें तो जिल्हा वेगळा होईपर्यंत तें रत्नागिरींतच मोडत असे. ‘केसरी’च्या टिळकांचा जन्म तर १८५६ सालीं खुद्द रत्नागिरी शहरांतला. त्याच जिल्ह्यांतील तरुण आज चित्रफिती तयार करतात, संकेतस्थळांसाठीं मजकूर लिहितात, आणि घरीं बसून केलेलें त्यांचें काम हजारों लोक पाहतात. पण या धंद्यांत काम मिळतें तें पुष्कळदां जाहिरातीवरून नव्हे, तर ओळखीवरून. आणि अशा ओळखी व्हाव्या म्हणून मुंबई-पुण्याकडे व्यावसायिकांचे मेळावे भरतात. कोंकण रेल्वेनें रात्रीचा प्रवास करून हा तरुण तेथें जातो, आणि चहाचा पेला हातीं घेऊन भिंतीशीं उभा राहतो. दुसऱ्या हातांतील मोबाईलमध्यें कांहीं निकडीचें काम निघाल्याचा बहाणा करतो. दोन तासांनीं, कोणालाही आपलें नांव न सांगतां, तो आल्या वाटेनें परततो. ज्याच्याशीं बोलावें म्हणून तो आला होता त्या संपादकाला एक लेखक हवा असतो. ती जागा याच्याहून कमी कुवतीच्या, पण चार शब्द बोलतां येणाऱ्या दुसऱ्या कोणास मिळते. येथें म्हण अक्षरशः खरी ठरते.

आतां भीड म्हणजे नेमकें काय, याचा थोडा विचार करूं. लाज, विनय आणि भीड हे तीन शब्द आपण सैलपणें एकमेकांच्या जागीं वापरतों. पण ते एक नव्हेत. लाज वाटते ती वाईट कृत्याची. विनय असतो तो आपल्याहून थोर अशा गोष्टीपुढें. विद्येपुढें, वयापुढें, गुणांपुढें. भीड मात्र नुसत्या माणसाची पडते. तो थोर असो वा नसो, तो अनोळखी आहे आणि आपल्याकडे पाहत आहे, एवढें तिला पुरतें. म्हणून भिडेला विनयाचा मान देणें बरोबर नाहीं. विनयी मनुष्य विचारल्यावर उत्तर देतो, आणि न विचारतांही आवश्यक तें बोलतो. भिडस्ताला दोन्ही जड जातें.

भिंतीशीं उभ्या असलेल्या त्या तरुणाच्या मनांत त्या वेळीं काय चाललेलें असतें? माझा आवाज कापेल काय? माझ्या बोलण्यांतला कोंकणी हेल लोकांना गांवढळ वाटेल काय? माझें इंग्रजी अडखळेल काय? मी काम मागितलें आणि ‘नाहीं’ म्हणाले, तर मीं तोंड कोठें लपवावें? या सर्व वाक्यांचें व्याकरण पाहिलें तर त्यांत ‘मी’ किंवा ‘माझा’ यावांचून एकही वाक्य नाहीं. उद्धट मनुष्य स्वतःवर खूष असतो, भिडस्त मनुष्य स्वतःविषयीं धास्तावलेला असतो. पण दोघांचेंही लक्ष एकाच ठिकाणीं खिळलेलें असतें. भीड ही भिकेची बहीण खरीच. पण अहंकाराशींही तिचें जवळचें नातें आहे, हें आपण सहसा बोलून दाखवीत नाहीं.

एवढें म्हटल्यावर भिडस्ताची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीं तर त्याच्यावर अन्याय होईल. कोंकणांतल्या घरांत मुलाला पहिला धडा मिळतो तो असा कीं, दुसऱ्याच्या दारीं हात पसरूं नये. या शिकवणीनें कित्येक गरीब कुटुंबें ताठ मानेनें जगलीं. ज्या मेळाव्यांत जो तो दुसऱ्याकडे शिडीची पायरी म्हणून पाहतो, एकाशीं बोलतां बोलतां त्याच्या खांद्यावरून अधिक मोठ्या माणसाचा शोध घेतो, तेथें या मुलाचें मन आखडलें तर त्यांत त्याच्या मनाचा निरोगीपणाच दिसतो. म्हणूनच भिडस्ताला ‘धीट हो, नसलास तरी तसा दाखव’ असा जो उपदेश होतो, तो त्याला रुचत नाहीं आणि मानवतही नाहीं. त्यानें ‘मी’ हलत नाहीं. भ्यालेल्या ‘मी’च्या जागीं सजविलेला ‘मी’ येऊन बसतो, इतकेंच.

मग भीड जाते कशी? याचें उत्तर याच जिल्ह्यांतील दोन थोर माणसांच्या चरित्रांत शोधतां येतें. पहिले केशवसुत. गणपतीपुळ्याजवळच्या मालगुंड गांवीं १८६६ मध्यें त्यांचा जन्म झाला. मराठी कवितेंत ‘तुतारी’ फुंकणारा हा कवि स्वभावानें इतका संकोची कीं, त्याचें एकही छायाचित्र आज उपलब्ध नाहीं. १९०५ मध्यें हुबळी येथें तो वारला तेव्हां त्याच्या कवितेचा एकही संग्रह निघालेला नव्हता. तो पुढें प्रसिद्ध केला हरि नारायण आपट्यांनीं. भिडस्ताचें चांगलें काम जगापुढें येतें तेव्हां त्याच्या मागें बहुधा असा एखादा मित्र उभा असतो. पण प्रत्येक भिडस्ताला आपटे भेटतीलच अशी हमी कोणीं द्यावी?

दुसरे उदाहरण महर्षि अण्णासाहेब कर्वे यांचें; आणि तें आपल्या प्रश्नाला अधिक जवळचें आहे. १८५८ सालीं जन्मलेला हा मुरुडचा मुलगा शरीरकष्टांना कधीं भ्याला नाहीं. १८७५ मध्यें एका परीक्षेसाठीं तो शंभराहून अधिक मैल चालत साताऱ्यास गेला, आणि तेथें त्याचें वय लहान दिसतें म्हणून त्याला परीक्षेस बसूं दिलें नाहीं. पण चार माणसांत बोलणें त्याला त्या घाटवाटेपेक्षां अवघड वाटे. आपल्या लाजाळूपणाविषयीं अण्णांनीं पुढें स्वतःच लिहून ठेविलें आहे. वक्तृत्वाची देणगी त्यांना नव्हती, आणि ती त्यांनीं मिळविण्याचा आवही आणला नाहीं. तरीही मुंबईंत असतां मुरुडकरांकडून वर्गण्या गोळा करून त्यांनीं ‘मुरुड फंड’ चालविला. १८९३ मध्यें विधवेशीं विवाह केल्यामुळें त्यांच्याच गांवानें त्यांच्यावर बहिष्कार घातला. आणि १८९६ मध्यें अनाथ बालिकाश्रम निघाल्यावर हाच भिडस्त मनुष्य सुटी लागली कीं वर्गणीसाठीं गांवोगांव फिरूं लागला. अनोळखी दारापुढें उभें राहावें, आपलें काम साध्या शब्दांत सांगावें, दिलें तर घ्यावें, न दिलें तर नमस्कार करून पुढच्या दारीं जावें, असा क्रम वर्षानुवर्षें चालला. १९१६ मध्यें महिला विद्यापीठ निघालें. सत्तरी ओलांडल्यावर, १९२९-३० मध्यें, ते युरोप, अमेरिका, जपान हिंडून आले. मागाहून आफ्रिकेंतही गेले. ज्यांची भाषा परकी, चालीरीती परक्या, अशा सभांपुढें उभे राहून त्यांनीं आपल्या विद्यापीठाची माहिती सांगितली.

म्हणीचा अर्थ येथें उलटा झाला. भिडेनें भिकेस लावावयाचें, त्याऐवजीं भिकेनेंच भीड घालविली. अण्णा धीट झाले म्हणून मागूं लागले नाहींत. मागावें लागलें म्हणून मागतां मागतां त्यांची भीड चेपली. आश्रमांतील मुलींच्या उद्यांच्या जेवणाचा प्रश्न मनांत असतां, आपला आवाज कसा लागतो आहे याचा विचार करावयास मनांत जागाच उरत नसावी. गांधीजींचा अनुभवही याच जातीचा. १८९१ मध्यें विलायत सोडतांना दिलेल्या मेजवानींत त्यांना भाषणाच्या पहिल्या वाक्यापुढें जातां आलें नाहीं. पण १८९३ मध्यें प्रिटोरियांत आपल्या देशबांधवांची दुःस्थिति पाहिल्यावर त्यांनींच सभा बोलावली आणि तींत ते बोलले. मधल्या दोन वर्षांत त्यांचा स्वभाव बदलला होता असें नाहीं. बोलण्याजोगा विषय मात्र सांपडला होता.

यावर कोणी म्हणेल कीं, अण्णांनीं मागितलें तें परक्या मुलींसाठीं. नोकरी शोधणारा तरुण मागतो तें स्वतःच्या पोटासाठीं. परोपकाराच्या भिकेला जो मान मिळतो तो स्वार्थाच्या मागणीला कसा मिळावा? आक्षेप खरा आहे, आणि तो टाळून पुढें जातां येत नाहीं. पण पोटाचा धंदा म्हणजे निव्वळ पोट नव्हे. सुतार आपलें काम दाखवितो तेव्हां तो स्वतःला विकत नाहीं. ‘सांधा पाहा’ म्हणतो. आमच्या तरुणानें हर्णैच्या बंदरावरील मासळीच्या लिलावाची चित्रफीत केली असेल, तर तिच्याविषयीं बोलण्यास त्याला भीड पडण्याचें कारण नाहीं. ती त्याच्याहून वेगळी, स्वतःच्या पायांवर उभी असलेली वस्तु आहे. त्याचप्रमाणें समोरच्याच्या कामाविषयीं खरें कुतूहल असेल तर एक चांगला प्रश्न विचारतां येतो. आणि ऐकण्याची कला भिडस्ताला जन्मतःच अवगत असते. एका मेळाव्यांत चाळीस माणसांशीं बोलण्याचा पण कशाला करावा? एकाशीं नीट बोलावें. तो एक आपल्यासारखाच भिंतीशीं उभा असलेला असला तरी चालेल. त्याची अडचण दूर करण्याच्या भरांत आपली दूर होते.

नकाराची भीति तरीही राहतेच. पण मागणें याचा अर्थच समोरच्याला ‘नाहीं’ म्हणण्याचा हक्क देणें असा आहे. अण्णांना कितीतरी दारांवर नकार मिळाले असतील; त्यांतला एकही नकार त्यांच्या कामाचें मोल कमी करूं शकला नाहीं. नकार हा आपल्या योग्यतेवर दिलेला निकाल आहे, असें समजणें हाही अहंकाराचाच एक प्रकार होय.

हा विषय केवळ एकट्यादुकट्याच्या नोकरीचा असता तर त्याची इतकी चर्चा करण्याचें प्रयोजन नव्हतें. परंतु माध्यमांच्या धंद्यांत कोणाला प्रवेश मिळतो यावर समाजाला काय ऐकूं येतें हें अवलंबून आहे. तेथें केवळ बोलक्यांचीच वर्णी लागूं लागली, तर बोलक्यांचींच दुःखें आपल्या कानीं येतील. आणि जीं गांवें, जीं माणसें मुळांतच कमी बोलतात, तीं अधिकच मुकीं होतील. म्हणून भीड सोडणें हा भिडस्ताचा फायदा तर आहेच, पण तें त्याचें कर्तव्यही आहे. त्याच्या मौनाची किंमत तो एकटा देत नाहीं. तितकेंच मोठें कर्तव्य यजमानाचें आणि आधींच स्थिरावलेल्या वडीलधाऱ्यांचें. लग्नघरांत कोपऱ्यांत बसलेल्या पाहुण्याला हाताला धरून पंक्तीस नेण्याची आपली रीत आहे. धंद्याच्या मेळाव्यांत ती मोडावी असें कोणीं सांगितलें? भिंतीशीं कोण उभा आहे तें पाहून त्याला दोन पावलें पुढें आणणारा एक मनुष्य सभेंत असला, तर आपटे भेटण्याची वाट पाहत कोणाला आयुष्य काढावें लागणार नाहीं.

तोंवर भिडस्तानें आपली भीड समूळ जाण्याची वाट पाहत बसूं नये. ती सगळी जाणार नाहीं, आणि थोडी राहिली तर बिघडतही नाहीं. तेवढी राहिल्यानें माणूस दुसऱ्याला शिडी समजण्यापासून वांचतो. तिला बरोबर घेऊनच त्यानें पुढच्या दारीं जावें, आणि आपलें काम काय आहे तें सांगावें.