बोलणाऱ्या आणि न बोलणाऱ्या

ब्रिटिश नाटककार कॅरिल चर्चिल यांच्या ‘टॉप गर्ल्स’ या नाटकाच्या संहितेत वाक्यांच्या मधोमध तिरक्या रेघा आहेत. रेघ आली की दुसऱ्या पात्राने बोलायला लागायचं, पहिलीचं संपायची वाट बघायची नाही. नोकऱ्या मिळवून देणाऱ्या एजन्सीत मार्लीनला बढती मिळाली आहे आणि तिने मेजवानी दिली आहे. पाहुण्या आल्या आहेत थेट इतिहासातून आणि दंतकथांतून: पोप जोन, जपानची निजो, प्रवासिनी इसाबेला बर्ड. प्रत्येकीने अपार सोसलंय, पण दुसरीचं पुरतं ऐकून घ्यायला कुणाला सवड नाही. आणि त्यांना वाढणाऱ्या वेट्रेसला अख्ख्या प्रवेशात एकही वाक्य नाही.

चर्चिल यांचं राजकारण मला या वेट्रेसमध्ये सापडतं. 1982 साली लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरमध्ये हे नाटक आलं, तेव्हा मार्गारेट थॅचर पंतप्रधान होत्या. एक बाई शिखरावर पोचली म्हणजे बायकांचं भलं झालं का, हा प्रश्न हवेत होता. चर्चिल त्यावर भाषण लिहीत नाहीत. शेवटचा अंक त्या वर्षभर मागे नेतात, आणि मग कळतं की मार्लीनची मुलगी तिची बहीण जॉयस वाढवते आहे, लोकांकडे साफसफाईची कामं करून. यशाचं कौतुक करून झाल्यावर त्याची किंमत पुढ्यात येते, म्हणून ती जास्त बोचते.

बोलणं आणि गप्प राहणं टिपणारा हा कान त्यांना रेडिओने दिला असावा. 1938 चा जन्म, बालपणाची काही वर्षं मॉन्ट्रियलमध्ये, मग ऑक्सफर्ड. साठच्या दशकात तीन मुलगे वाढवता वाढवता त्या रेडिओसाठी नाटकं लिहीत होत्या. तिथे आवाजाखेरीज हाताशी काहीच नसतं.

पुढे नाटकं आटत गेली, प्रश्न मात्र वाढले. 2002 च्या ‘अ नंबर’मध्ये दोनच नट: एक बापाच्या भूमिकेत, आणि दुसरा त्याच्या मुलाच्या व त्या मुलाच्या क्लोनांच्या. 2009 चं, गाझातल्या युद्धानंतरचं ‘सेव्हन ज्युइश चिल्ड्रन’ तर जेमतेम दहा मिनिटांचं. त्यावरून मोठं वादळ उठलं, ज्यूद्वेषाचे आरोप झाले. नाटकात मोठी माणसं लहान मुलीला काय सांगायचं आणि काय लपवायचं यावर हुज्जत घालतात. मुलगी रंगमंचावर येतच नाही. हे नाटक कुणीही मानधन न देता करावं, फक्त गाझातल्या लोकांच्या औषधोपचारासाठी प्रेक्षकांत झोळी फिरवावी, एवढीच चर्चिल यांची अट होती.