रंगवलेली चेटकीण

मुलांकरिता अद्भुत कथा-नाटके रचणाऱ्या लेखकास स्फूर्ती कोठून मिळते, हे विचारण्याची आपल्याकडे चाल आहे. आजीच्या गोष्टी, लहानपणचे वाचन, घरातील मुले अशी त्याची दोन-चार उत्तरेही ठरून गेलेली आहेत. ती उत्तरे खोटी नाहीत. परंतु ज्या सामग्रीवर हा लेखक आपले इमले चढवितो तिचा मूळ धनी कोण, आणि ती उचलताना त्याच्या शिरावर काही ऋण चढते किंवा नाही, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. आम्हांस तो प्रश्न गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली तालुक्याने विचारावयास लावला. तेथे जाण्यापूर्वी मुंबईच्या एका रंगमंचावर थोडे थांबले पाहिजे.

मराठी मुलांसाठी अद्भुताची सृष्टी ज्यांनी व्रत घेतल्याप्रमाणे उभारली, त्यांत रत्नाकर मतकरी यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. 1938 साली जन्मलेल्या या लेखकाची पहिली एकांकिका 1955 साली मुंबई आकाशवाणीवर झाली. पुढे बँकेतली नोकरी आली. ती 1978 पर्यंत चालली. दिवसा लोकांच्या पैशांचे आकडे आणि संध्याकाळी राक्षस व राजकन्या, असा हा दुहेरी संसार होता. आणि आमच्या मते पहिल्या संसाराने दुसऱ्याला फार बिघडविले नाही, उलट रोजच्या रुक्षपणामुळे राक्षसांना तजेला आला असावा. सुधा करमरकर यांच्या लिटल थिएटरचे पहिले नाटक ‘मधुमंजिरी’ हे मतकऱ्यांचेच. ते साल 1959. त्यानंतर त्यांनी स्वतःची बालनाट्य संस्था काढली आणि पदरमोड करून वर्षानुवर्षे चालविली. ‘निम्मा शिम्मा राक्षस’ आणि ‘अलबत्या गलबत्या’ ही नावे आज कित्येक घरांत आजोबांना आणि नातवांना सारखीच पाठ आहेत.

‘अलबत्या गलबत्या’मधील चिंची चेटकीण प्रथम दिलीप प्रभावळकरांनी गाजविली. 2018 साली ते नाटक पुन्हा रंगभूमीवर आले तेव्हा वैभव मांगले यांनी ती साकारली. दोन्ही वेळा पुरुष नटानेच हे सोंग घेतले, ही गोष्ट आम्हांस बारीक वाटत नाही. मूल भिते, आईच्या कुशीत तोंड लपविते आणि बोटांच्या फटीतून पुन्हा पाहते. ती भीती मूल आपण होऊन मागून घेते, आणि केव्हा परत करावयाची हेही त्याला ठाऊक असते.

आता एटापल्ली. 2024 सालच्या मे महिन्याच्या आरंभी या तालुक्यातील बारसेवाडा गावी एक स्त्री व एक पुरुष यांना जादूटोण्याच्या संशयावरून जिवंत जाळण्यात आले. त्याबद्दल गावातल्याच लोकांस अटक झाली. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या 2013 च्या ऑगस्टात झाली आणि त्याच वर्षी महाराष्ट्राने जादूटोणाविरोधी कायदा केला. एखाद्यास चेटूक करणारा ठरवून छळणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे. कायदा होऊन दहा वर्षे लोटल्यावर बारसेवाड्यात हे घडले.

ही माडिया लोकांच्या रानटीपणाची खूण, असे म्हणून जे वाचक मोकळे होऊ पाहतील, त्यांना आम्ही तेवढी सवलत देऊ शकत नाही. स्वित्झर्लंडातील ग्लारूस येथे आना गोल्डी या मोलकरणीचा चेटकीपणाच्या बोभाट्यावरून शिरच्छेद झाला तो 1782 साली. ग्रिम बंधूंच्या कथांचा पहिला खंड निघाला 1812 साली. म्हणजे मध्ये अवघी तीस वर्षे. त्या खंडात हान्सेल व ग्रेटेल यांची गोष्ट आहे, आणि तीत एक लहान मुलगी म्हातारीला भट्टीत ढकलून देते. ही गोष्ट मराठी घरांतूनही निजताना सांगितली जाते, आणि म्हातारी जळाली की मुले सुटकेचा निःश्वास टाकतात. साऱ्या युरोपाने जे खरोखर केले, तेच त्याच्या पोरांनी पांघरुणात ऐकले.

मग मुलांच्या लेखकाने चेटकीण सोडूनच द्यावी काय? असे म्हणणारे सुधारक आहेत आणि त्यांच्या कळवळ्याविषयी आम्हांस शंका नाही. पण त्यांचे निदान आम्हांस चुकीचे वाटते. तालुक्याच्या आतल्या एखाद्या गावात मूल तापाने फणफणते. जिल्ह्याचे ठिकाण शंभरावर किलोमीटर दूर, पावसाळ्यात नाल्यांनी वाट अडविलेली. मूल जाते. हिवताप हे त्याचे कारण कोणाला दिसत नाही. आणि न दिसणाऱ्या कारणावर रागावता येत नाही. शेजारची एकटी बाई मात्र दिसते. या क्षणी जी कथा तयार होते तिचा कर्ता कोणी नसतो. प्रत्येक जण म्हणतो, ही मी ऐकली. रंगभूमीवरील चेटकिणीचा कर्ता मात्र जाहिरातीत छापलेला असतो, तिला नाचविणाऱ्या नटाचे नाव आईला माहीत असते, आणि पडदा पडला की ती नमस्कार करावयास पुढे येते. कल्पना दोन्हीकडे आहे; एकीकडे ती कोणी केली हे लपलेले आहे, इतकाच फरक. त्या एवढ्याशा फरकावर माणसांचे जीव अवलंबून असतात.

एवढ्याने लेखक पुरता सुटतो, असे मात्र आम्हांस म्हणवत नाही. दुष्टपणाला द्यावयाचा चेहरा त्यानेच निवडलेला असतो, आणि कुरूप, एकटी, म्हातारी बाई हा चेहरा फार स्वस्तात मिळतो. आपल्या आज्यांनी तरी नेहमी तो घेतला नाही. लेकीकडे निघालेली, वाघाला बोलण्यात गुंगवून भोपळ्यातून घरी परतणारी म्हातारी अशीच एकटी होती आणि रानातूनच जात होती. पण त्या कथेत शहाणपण सगळे तिच्याकडे आहे. हे ज्या कोणा आजीला प्रथम सुचले तिचे नाव आपल्याला कळणार नाही, याचे आम्हांस वाईट वाटते.

मतकऱ्यांच्या आयुष्याचा उत्तरार्ध या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. नर्मदेच्या खोऱ्यातील विस्थापितांच्या लढ्यात ते सामील झाले. उतारवयात त्यांच्याच कल्पनेतून ठाण्यास ‘वंचितांचा रंगमंच’ सुरू झाला, आणि तेथे वस्त्यांतील मुलांनी स्वतःची नाटके स्वतः रचून केली. 2018 साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार त्यांना मिळाला आणि 2020 साली ते वारले. अर्धशतक मुलांना गोष्टी पुरविलेल्या माणसाने अखेरीस गोष्टी करण्याचे हत्यारच मुलांच्या हाती दिले, हे आम्हांस त्यांच्या कोणत्याही राक्षसाहून मोठे वाटते.

एटापल्लीच्या आश्रमशाळेत शिकणाऱ्या पोरीला मात्र चेटकीण भेटते ती बिनरंगाची. त्याच जिल्ह्याच्या उत्तर टोकाला देसाईगंज येथे झाडीपट्टी रंगभूमीचे ठाणे आहे आणि तेथे हंगामात रात्र-रात्र नाटके रंगतात, हे खरे. पण देसाईगंज तिच्यापासून लांब आहे. या मुलांपुढे चेटकिणीचे नाटक करावे काय, असे कोणी आम्हांस विचारले तर आम्ही होय म्हणू. मात्र ते मुंबईहून नेऊ नये. ते माडिया भाषेत असावे, त्यांच्याच पोरीने चेटकीण व्हावे, आणि तिला रंग फासला जात असताना साऱ्या गावाला, विशेषतः म्हाताऱ्यांना, जवळ बसू द्यावे. प्रयोग संपला की तिने तेथेच, सर्वांच्या देखत, तोंड धुवावे.