डिपर

दिवा झाकून ठेवू नका, अशी शिकवण प्रभू येशूने डोंगरावरील प्रवचनात दिली. तो कुणाच्या डोळ्यांत खुपसा, असे मात्र सांगितले नाही!

माझ्या जीपला मी ५५ वॅटचे दोन जादा दिवे वेगळ्या स्विचवर बसवले होते. डिपर दिला तरी ते चालूच राहत. एका रात्री समोरचा सायकलवाला डोळे दिपून गटारात पडला. “फादर, काही दिसलेच नाही,” एवढेच तो म्हणाला.

आता वायरमनने हायबीमची तार रिलेला जोडली आहे. दिव्यांचा ९-१० अँपिअरचा भार बॅटरीकडून, फ्यूजमधून येतो. हायबीम फक्त इशारा देते. डिपर दिला की जादा दिवेही विझतात.

अर्पणाआधी भावाशी समेट करा, हेही त्याच प्रवचनात आहे. त्याच्या घरी मी अजून गेलेलो नाही. हे लिहून झाले की निघतो.