खोली रिकामी असताना

अहिल्यानगरच्या नागापूर एमआयडीसीत कामाला आलेला माणूस आधी खोली शोधतो. बोल्हेगावात, नवनागापुरात फिरताना विचारतो, भाडं किती, डिपॉझिट किती, पाणी कधी येतं, लाइटबिल वेगळं का? नळ सोडून बघतो, कडी लावून बघतो. अर्थिंग आहे का, हे मात्र कोणी विचारत नाही आणि मालकही आपणहून सांगत नाही.

मालक तिथं राहत नाही. भाडेकरूला खिळा ठोकायचीही मुभा नसते. मग वायरिंगकडे बघायचं कोणी? पत्र्याच्या खोलीत तर धोका डोळ्यांपुढेच असतो. पत्र्याच्या भोकातून आत घेतलेली वायर वाऱ्यानं घासून सोलवटते आणि त्याच पत्र्याच्या अँगलला कपडे वाळत घालायची तार बांधलेली असते. पाऊस येतो, पत्र्यात करंट उतरतो, ओला टॉवेल टाकायला गेलेली बाई तारेला चिकटते. सोडवायला धावलेलाही चिकटतो. दर पावसाळ्यात अशा बातम्या वाचून जीव कळवळतो.

इंग्लंडनं २०२० मध्ये नियमच केला: भाड्यानं दिलेल्या घराचं वायरिंग किमान दर पाच वर्षांनी जाणकाराकडून तपासायचं, त्याचा अहवाल भाडेकरूच्या हातात द्यायचा. आपल्याकडे नवीन जोडणी घेताना ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो. पण मीटरच्या पुढचं वायरिंग मालकाचं, आणि त्याकडे पुढं वर्षानुवर्षं कोणी फिरकत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ घर चांगल्या, राहण्याजोग्या स्थितीत ठेवणं हे मालकाचं कर्तव्य मानतो. माझ्या मते वायरिंग त्यातच आलं.

एक भाडेकरू जाऊन दुसरा येण्याआधी मालक खोलीला रंग देतो. त्याच दिवशी वायरमन बोलवावा. अर्थिंग तपासून घ्यावं, सोलवटलेली वायर बदलून नवी पाइपातून घ्यावी आणि करंट गळताच लाइट तोडणारी तीस मिलीअँपिअरची ईएलसीबी बसवावी. एमसीबी आहे म्हणून निश्चिंत राहू नये. ती पडायला कित्येक अँपिअर लागतात, माणसाचा जीव त्याहून कितीतरी कमी करंटनं जातो.

खोली बघायला जाणाऱ्यानं ईएलसीबीवरचं 'टेस्ट'चं बटण दाबून बघावं. खटका पडून लाइट गेली पाहिजे. नाही गेली, तर डिपॉझिट हातात ठेवण्याआधी मालकाला तिथंच सांगावं. ईएलसीबीच नसेल, तर ती आधी बसवून मागावी.