तेलाच्या भरवशावर

मुठेल मागायला कोणी दारात आले की मला बरे वाटते. ते बरे वाटणे नेमके कशाचे, हा प्रश्न मी स्वतःला कधी नीट विचारलेला नाही. समोरचीच्या टाचा भरून येतील याचे, की ‘काकूंच्या हाताला गुण आहे’ हे कानावर पडेल याचे? खरे सांगायचे तर बहुतेक वेळा दुसऱ्याचेच पारडे जड असते.

मुठेलाला मेहनत आहे. रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या, बिया कडकडीत वाळवायच्या, टरफल काढायचे, गर कुटून पाण्यात उकळायचा, वर तरंगलेले तेल काढून घ्यायचे आणि थिजू लागले की मुठीत दाबायचे. एरवी घट्ट, पण अंगावर चोळले की विरघळते. टाचांच्या भेगा, थंडीत फुटलेले ओठ, रखरखीत कातडी, एवढ्यापुरते त्याचे काम स्वच्छ आहे. थर धरते, आतला ओलावा उडू देत नाही. हे मी छातीठोकपणे सांगेन.

पण माणसे तेवढ्यावर थांबत नाहीत, आणि मीही त्यांना थांबवत नाही. आमच्या सावर्ड्यात पावसाचे चार महिने कपडे धड वाळत नाहीत. काताच्या भट्टीजवळ राबणारे घामाने निथळतात, लावणीच्या बाया दिवस दिवस चिखलात उभ्या. जांघेत नायटा, पाठीवर शिबं, पायाच्या बेचक्यांत चिखल्या. शिबं आणि डोक्यातला कोंडा ज्या बुरशीने होतो, ती कातडीवरच्या तेलावरच जगते. म्हणजे तिथे मी देते ते औषध नव्हे, खुराक. हे मला ठाऊक आहे. तरी कुणी आशेने हात पुढे केला की ‘तुला हे नको’ म्हणताना जीभ जड होते.

मग तोंडातून ठरलेले वाक्य निघते: झाडाचे आहे, अपाय तर नाही! हे कोकणात राहून म्हणायला धाडसच हवे. काजूच्या टरफलातले तेलही झाडाचेच, ते हाताला लागले की कातडी सोलून निघते. बिब्ब्याचे तर विचारूच नका. माझ्या वाक्याला बळ मिळते ते दुसरीकडून. डॉक्टरांना न विचारता मेडिकलमधून आणलेली स्टेरॉइडची ट्यूब लोक महिनोन् महिने चोळतात. लाली उतरते, खाज थांबते आणि नायटा आत पसरत राहतो. त्या ट्यूबच्या पापावर माझ्या तेलाचे पुण्य उभे आहे. ट्यूब वाईट ठरली म्हणून तेल चांगले ठरत नाही, एवढा हिशेब मला येतो; फक्त तो मांडायचा नसतो.

या बाबतीत मला कडू कवठाचे झाड आठवते. सह्याद्रीतलेच. त्याच्या आणि त्याच्या जातभाईंच्या बियांचे तेल कुष्ठरोग्यांना पिढ्यान् पिढ्या दिले गेले. पोटात घेतले तर मळमळ, सुईने टोचले तर असह्य ठणका. 1915-16च्या सुमारास हवाईमध्ये ॲलिस बॉल या तेवीस वर्षांच्या रसायनशास्त्रज्ञ मुलीने ते शरीरात शोषले जाईल असे करून दाखवले. श्रेय मात्र बराच काळ दुसऱ्यालाच मिळाले. जगभर तेच तेल आशेचे होते. पुढे 1940च्या दशकात सल्फोन औषधे आली आणि ज्या डॉक्टरांनी आयुष्यभर हे तेल टोचले त्यांनी ते बाजूला ठेवले. माझ्या मुठेलाने कुष्ठरोगाएवढ्या मोठ्या दुखण्याशी कधी दोन हात केलेले नाहीत. तरी ते बाजूला ठेवायची वेळ आली की मला आजेसासूबाईंची आठवण येते, परंपरा आठवते, सगळे आठवते. परंपरेचा अभिमान आणि माझा अहंकार यांची सरमिसळ मी इतकी वर्षे केली आहे की आता वेगळे काढणे कठीण.

पुतण्याला डब्यांवर चिठ्ठी चिकटवायची आहे: ‘सर्व त्वचाविकारांवर’. महामार्गावर गाड्या थांबतात, खपेल म्हणतो. मी कायद्याचे कारण सांगून टाळले. ‘सर्व’ म्हटले की कोड आणि कुष्ठरोगही आले, आणि ते बरे करण्याची जाहिरात 1954च्या कायद्याने गुन्हा आहे. कायदा नसता तर मी काय केले असते? याचे उत्तर मला आवडत नाही. तोंडी तर मी तेच सांगत होते, फक्त छापत नव्हते. आणि पैसे तोंडी सांगण्याचेही येतात.

आता एक नियम केला आहे, पाळणे जमेल तेवढे. टाचा, ओठ, कोरडी कातडी यांना मुठेल. बाकीच्यांना आधी डाग दाखव म्हणायचे. फिकट चट्टा असेल तर तिथे स्पर्श कळतो का, हे विचारायचे. कळत नसेल तर तो कुष्ठरोग असू शकतो, तिथे तेलाचा विषयच नाही. त्याचे औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते आणि उशीर झाला तर बोटे जातात. डेरवणचे रुग्णालयही इथून लांब नाही, रिक्षा मिळते. परवा एकीला तसे सांगितले. ती रागावली, म्हणाली, काकू, तुमच्याकडे तेल नाही तर तसं सांगा ना. डबा तिच्यासमोरच होता. मी काही बोलले नाही. आणि गिऱ्हाईक गेल्याची हळहळ वाटली, हेही लिहून ठेवते.