कामावर जाणारा रोगी

आपण आजारी आहोत, हे पूर्वी माणसाला त्याचे शरीरच सांगत असे. ताप चढे, खोकला लागे, पाय सुजत. आणि घरातील वडीलधारी मंडळी म्हणत, 'आज कामावर जाऊ नकोस.' दुखणे आधी येई, त्याचे नाव मागून कळे. आता हा क्रम पुष्कळदा उलटा झाला आहे. माणूस दोन भाकऱ्या खातो, जिना चढतो, हसतो, भांडतो. आणि प्रयोगशाळेतून आलेला एक कागद त्याला सांगतो की, तू रोगी आहेस. अशा माणसाने दुसऱ्या दिवशी कामावर जावे की नाही? फराळाच्या ताटाशेजारी हा प्रश्न कशाला, असे कोणी विचारील. पण सारे घर एकत्र बसते ते ह्याच चार दिवसांत. आणि ज्या आजाराविषयी मी लिहीत आहे, तो पुरुष आपल्या घरातच सर्वांत अधिक लपवतात.

प्रोस्टेट ही पुरुषाच्या मूत्राशयाखाली असणारी अक्रोडाएवढी ग्रंथी. तिच्या पेशी एक प्रथिन तयार करतात. त्याला पीएसए म्हणतात, आणि ते रक्तात मोजता येते. कर्करोगामुळे ही ग्रंथी काढून टाकली की आकडा जवळजवळ शून्यावर यायला हवा. तो एका मिलिलिटरला ०.२ नॅनोग्रॅमपर्यंत चढला आणि दुसऱ्या तपासणीतही उतरला नाही, तर रोग परतला असे डॉक्टर धरतात. ज्यांनी शस्त्रक्रियेऐवजी किरणोपचार घेतले, त्यांची ग्रंथी जागेवरच असते. म्हणून त्यांचा आकडा ज्या तळाला गेला असेल, त्याहून २ ने वर चढला म्हणजे काळजीचे मानतात. शिवाय आकडा केवढा आहे ह्याइतकेच तो किती महिन्यांत दुप्पट होतो, हेही पाहावे लागते.

हा आकडा चढला म्हणजे दिवस भरले, अशी आपली समजूत होते. ती खरी नाही. अमेरिकेतील जॉन्स हॉप्किन्स येथील डॉक्टरांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, शस्त्रक्रियेनंतर ज्यांचा आकडा चढला त्यांच्यापैकी निम्म्यांच्या शरीरात ८ वर्षांनंतरही रोग दुसरीकडे पसरल्याचे दिसले नव्हते. म्हणजे हा प्रश्न चार आठवड्यांच्या रजेचा नव्हे. तो वर्षानुवर्षे कसे जगावे ह्याचा आहे. इतकी वर्षे कोणी रजेवर राहू शकत नाही, आणि केवळ वाट पाहत बसून तर मुळीच राहू शकत नाही.

पण उपचार सुरू झाले की शरीर आपली बाजू मांडू लागते. शस्त्रक्रियेनंतर आकडा चढला, तर पुष्कळदा आठवड्यातून पाच दिवस, असे सहा-सात आठवडे किरणोपचार देतात. प्रत्येक वेळचा उपचार थोड्या मिनिटांचा. परंतु जाणे, येणे, थांबणे ह्यांत अर्धा दिवस सरतो. जोडीला कधी पुरुषी संप्रेरक दाबणारी औषधे असतात. ह्या उपायाचा पाया चार्ल्स हगिन्स ह्यांनी १९४१ मध्ये घातला आणि त्याबद्दल त्यांना १९६६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ह्या औषधांनी रोग मागे हटतो. पण अंगातून वाफा निघतात, झोप मोडते, स्नायू सैल पडतात. थकवा तर असा की, झोपून उठले तरी तो उशाशी बसलेलाच असतो. नवल म्हणजे थोडे नेमाने चालले, हलका व्यायाम केला, तर हा थकवा कमी होतो. नुसते पडून राहिले तर वाढतो.

ह्यावरून 'काम हेच औषध' असा निष्कर्ष काढायला आपण फार उत्सुक असतो. आजारपणातही रजा न घेणाऱ्या माणसाचे आपण कौतुक करतो. ह्या कौतुकात एक अन्याय दडलेला आहे. वर्गात खुर्चीवर बसून शिकवणारा मास्तर आणि दर अर्ध्या तासाला लघवीची घाई होणारा एसटीचा ड्रायव्हर, ह्यांना एकाच मापाने कसे मोजणार? हमालाचे सैल पडलेले स्नायू त्याच्या इच्छाशक्तीने घट्ट होत नाहीत. आणि ज्याची मजुरी रोजची आहे, तो उपचार चालू असता कामावर गेला तर त्यात त्याचे धैर्य असेल. पण निवड नाही. जिथे निवड नाही तिथे सद्गुणाची स्तुती करणे म्हणजे पगारी रजा न देणाऱ्या व्यवस्थेला हार घालण्यासारखे आहे. आपला नैतिक प्रश्न सुरू होतो तो, ज्याला घरी राहता येते त्याच्यापासून.

त्याने स्वतःला एकच विचारावे: मी कामावर जातो ते कोणासाठी?

आमच्या शाळेत गणिताचे एक शिक्षक आहेत, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी वडील. शस्त्रक्रियेनंतर दोन वर्षांनी त्यांचा आकडा चढू लागला आणि किरणोपचार ठरले. त्यांनी सकाळचे दोन तास मागून घेतले. दुपारी ते शहरातल्या इस्पितळात जात. एक दिवस ते मला म्हणाले, "वर्गात गेलो की मला बरे वाटते, ह्यात शंका नाही. पण मुलांना शिक्षक मिळतो की नुसता मीच मिळतो, हे मला कळत नाही. तुम्ही मागच्या बाकावर बसा आणि मला खरे सांगा." मी बसत असे. चार आठवडे सांगण्यासारखे काही नव्हते. पाचव्या आठवड्यात प्रमेयाची एक पायरी त्यांच्याकडून गळली. मुलांना ते कळले. परंतु एकानेही हात वर केला नाही. सरांना त्रास होऊ नये म्हणून तो वर्ग गप्प बसला होता. शिक्षकखोलीत मी म्हणालो, "सर, आज मुलांनी तुम्हाला सांभाळून घेतले." ते थोडा वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे शिकवणे थांबले. सांभाळणे सुरू झाले." दुसऱ्या दिवशी त्यांचा रजेचा अर्ज आला. दोन महिन्यांनी ते परत आले, आणि पहिल्याच तासाला ते प्रमेय त्यांनी पुन्हा मांडले.

त्यांचे कामावर येणे आणि काम सोडणे, ही दोन्ही मला एकाच वृत्तीची रूपे वाटतात. काम आपल्याला जगवते, हे खरे. पण दुसऱ्याचे काम हे आपले औषध म्हणून वापरण्याचा अधिकार आपल्याला नाही. ज्या दिवशी काम बिघडू लागते त्या दिवशी कामाची निष्ठाच आपल्याला घरी जायला सांगते.

मग प्रश्न उरतो तो सांगण्याचा. झाकली मूठ सव्वा लाखाची, असे आपण म्हणतो. फ्रान्सचे अध्यक्ष मितराँ ह्यांना हाच रोग असल्याचे, तोही हाडांपर्यंत गेल्याचे, १९८१ मध्ये निवडून आल्यावर काही महिन्यांतच कळले. जनतेला मात्र त्यांच्या प्रकृतीची निर्धास्त पत्रके मिळत राहिली. आजार उघड झाला तो १९९२ मध्ये. १९९५ पर्यंत ते पदावर राहिले आणि १९९६ च्या जानेवारीत वारले. त्यांच्या डॉक्टरांनी पुढे लिहिले की, १९९४ च्या अखेरीपासून ते अध्यक्षपदाचे काम करू शकत नव्हते. अमेरिकेचे तेव्हाचे संरक्षणमंत्री लॉइड ऑस्टिन ह्यांची २०२३ च्या डिसेंबरमध्ये ह्याच रोगासाठी शस्त्रक्रिया झाली. नंतर त्रास होऊन जानेवारीत त्यांना पुन्हा इस्पितळात जावे लागले, आणि खुद्द राष्ट्राध्यक्षांना हा कर्करोग आहे हे ९ जानेवारीपर्यंत ठाऊक नव्हते. लाज वाटणे मनुष्यस्वभावाला धरून आहे. पण शरीर आपले असले तरी पद आपले नसते.

म्हणून साऱ्या गावाला आकडा सांगत सुटावे असे नाही. मुख्याध्यापकाला आकडा नको, त्याला वेळापत्रक हवे. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला रोगाचे नाव नको. आपले कोणते काम कधी त्याच्याकडे जाईल, एवढे हवे. पत्नीला मात्र आकडाही हवा आणि भीतीही हवी. ती लपवली तर आपण तिचे ओझे कमी करीत नाही. ते तिला अंधारात उचलायला लावतो.

आणि मदत घेणे हाही एक धर्म आहे. आयुष्यभर दुसऱ्यांचे तास घेणाऱ्या माणसाने आपला एक तास दुसऱ्याला घेऊ द्यावा, ह्यात त्याची मानहानी होत नाही. उलट, शेजाऱ्याला आजारपणात आधार कसा द्यावा, हे आपण एकमेकांकडून असेच शिकतो.

तपासणी बहुधा काही महिन्यांनी येते. तो दिवस त्या आकड्याचा आहे. तो त्याला देऊन टाकावा. मधले सारे दिवस मात्र माणसाचे आहेत. ते कामात घालवावेत, विश्रांतीत घालवावेत किंवा नातवंडांबरोबर आकाशकंदील लावण्यात घालवावेत. पण ते त्या कागदाच्या नावावर लिहून देऊ नयेत.