आधी फडकं, मग पाना

बीदर जिल्ह्यात भालकी, औराद, बसवकल्याणकडे एखाद्या गोठ्यात कडब्याच्या आड जुनी येझदी उभी असते. मैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून १९६० ते १९९६ या काळात जावा आणि येझदी या मोटारसायकली बाहेर पडल्या. एकच दांडी, तिनंच गिअर टाकायचा आणि तीच मागे वळवून किक मारायची. नातू नोकरीला लागतो आणि आजोबांची ही गाडी परत चालू करायचं मनात घेतो. फार चांगली इच्छा आहे ही. फक्त लगेच सगळं खोलून, रंग खरवडून तिला नवीकोरी करायची घाई नको.

दोन-चार संध्याकाळी नुसतं फडकं घेऊन गाडीजवळ बसावं. पुसता पुसता ती कळत जाते. टाकीच्या बाजूचं रबर आजोबांच्या गुडघ्यांनी गुळगुळीत झालंय, पण धड आहे. मग ते कशाला बदलायचं? टाकीच्या आतला गंज मात्र काढायलाच हवा, नाहीतर कार्ब्युरेटर तुंबणार. ब्रेक, केबल, टायर, वायरिंग यांत हयगय नको. वर माणूस बसणार आहे. किक जाम असेल तर लाथा मारू नयेत. प्लग काढून तिथून थोडं ऑइल सोडावं आणि रात्रभर राहू द्यावं. अडकलेला पिस्टन पुष्कळदा तेवढ्यानं सुटतो. रंग काय, पुढे कधीही देता येईल. पहिला रंग एकदा गेला की गेला.

गाडी रोज शेताकडे न्यायची की जपून ठेवायची, हेही आधीच ठरवावं. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी २०२१ पासून विंटेज नोंदणी आहे. तिच्यात मूळ रूप टिकवण्याची अट आहे, आणि अशी गाडी रोजच्या कामाला रस्त्यावर काढता येत नाही. मूळ रूप जपणं म्हणजे काय, ते पाहायचं तर बीदरला बहमनी वजीर महमूद गावानचा मदरसा बघा. १४७२ साली बांधलेला. दर्शनी दोन मिनारांपैकी एक पडला, तो कुणी नवा उभारला नाही. उरलेल्या मिनारावरच्या रंगीत फरशाही जेवढ्या राहिल्या तेवढ्याच आहेत. मला तो तसाच पुरा वाटतो.

दुसऱ्याचं काम आपल्या हाती येतं तेव्हाही असंच करून बघावं. आधीच्या माणसाची वही, कपाट, फायलींचा क्रम आल्या आल्या बदलू नये. त्यातलं काय नीट चाललंय ते आधी बघावं, आणि तो माणूस जवळ असेल तर त्याला विचारावं. आजोबा असतील तर चोक किती ओढायचा, कोणत्या गिअरला गाडी अडायची, हे ते अंगणात बाज टाकून तासभर सांगतील. पाना त्यानंतर घ्या.